पाहुण्यांची यादी नंतर, आधी दर सांगा : कोकणातल्या उद्योजकांना खुले पत्र

प्रति,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आंबा, काजू, कोकम प्रक्रिया उद्योजक, बागायतदार, मासळी व्यावसायिक, निवास-न्याहारी चालक आणि या सर्वांच्या संघटनांचे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

तुमची प्रसिद्धिपत्रके आमच्याकडे येतात. बहुतेक व्हॉट्सॲपवर, संध्याकाळी साडेसातनंतर आणि लेटरहेडचा फोटो काढून. त्यातली पुष्कळशी लागत नाहीत, काही चार ओळींत आटोपतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘आमची बातमी मुद्दाम दाबली’ असा निरोप येतो. मुद्दाम दाबायला डेस्कवर कुणाला सवड नसते हो. बातमी राहते ती बहुधा पत्रकात बातमीच नसते म्हणून, नाहीतर असते पण सोळाव्या ओळीत असते म्हणून. आम्ही काही तालुका वार्ताहर आणि जिल्हा आवृत्त्यांची पाने लावणारे उपसंपादक मिळून हे लिहीत आहोत.

एखादे काजू प्रक्रिया युनिट सुरू झाले की येणारा मजकूर कसा असतो ते आधी पाहू :

‘कोकणच्या लाल मातीतील उद्योजकतेचा वारसा पुढे नेत अमुक कॅश्यू इंडस्ट्रीजच्या भव्य वास्तूचा उद्घाटन सोहळा मा. श्री. अमुक यांच्या शुभहस्ते, मा. श्री. तमुक यांच्या अध्यक्षतेखाली मोठ्या उत्साहात संपन्न झाला. दीपप्रज्वलन व प्रतिमापूजनानंतर मान्यवरांचा शाल, श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आला...’

यापुढे एकोणीस नावे, प्रत्येकाच्या मागे पद. मग प्रास्ताविक कुणी केले, सूत्रसंचालन कुणी केले, आभार कुणी मानले. आणि या सगळ्याच्या तळाशी एक वाक्य : ‘यंदा परिसरातील शेतकऱ्यांकडून थेट बी खरेदी करण्याचा मानस संचालकांनी व्यक्त केला.’

बातमी ती. एवढीच. खळ्यात बी वाळत घातलेल्या लांजा, राजापूर, कुडाळ, दोडामार्गातल्या माणसाला शाल कुणाला मिळाली याच्याशी काही देणेघेणे नाही. त्याला हवे असते ते हे : दर कसा ठरणार, कमीत कमी किती किलो घेणार, काटा कुणाचा, ओलाव्यापोटी वजनातून किती कापणार, पैसे रोख की खात्यात आणि किती दिवसांनी. तोच मजकूर आम्हाला असा आला तर (आकडे नमुन्यादाखल आहेत) :

‘काजू बीची शेतकऱ्यांकडून थेट खरेदी कुडाळमध्ये सोमवारपासून होणार

कुडाळ, ता. ७ : येथील एमआयडीसीतील अमुक कॅश्यू हे प्रक्रिया युनिट सोमवारपासून (ता. १०) शेतकऱ्यांकडून थेट काजू बी घेणार आहे. किमान ५० किलो बी स्वीकारली जाईल आणि वजनानंतर तीन दिवसांत रक्कम बँक खात्यात जमा होईल.

दिवसाचा दर रोज सकाळी नऊ वाजता फाटकावरच्या फलकावर लिहिला जाईल. ओलावा आणि गराचा उतारा पाहून त्यात फरक पडेल. युनिटमध्ये दिवसाला २ टन बी फोडण्याची सोय असून त्यातून सुमारे ५०० किलो गर मिळतो. सध्या ३४ जण कामाला आहेत, त्यांपैकी २६ महिला. “इथली बी वजन न दाखवता उचलली जाते, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. म्हणून काट्याचा आकडा शेतकऱ्याला दिसेल असा बाहेर लावला आहे,” असे संचालकांनी सांगितले.’

पहिल्या परिच्छेदात पस्तीसेक शब्द आहेत. बाकी सगळे कापून तेवढेच छापले तरी वाचणाऱ्याचे काम होते. आता हे मुद्दाम पाहा, कारण जागा कमी पडली की आमची कात्री नेहमी खालून लागते. ऐन वेळी जाहिरात आली, शेजारच्या तालुक्यात अपघात झाला, की शेवटचा परिच्छेद जातो, मग त्याच्या वरचा. वाचून वाचून मधलेच वाक्य उचलायला रात्री आठ वाजता वेळ नसतो. म्हणून जे गेले तर चालेल ते खाली ठेवा : संस्थेची माहिती, स्थापनेचे वर्ष, आधीची युनिटे, पाहुणे. अख्खा मजकूर अडीचशे ते तीनशे शब्दांत बसवा. हेडिंग सहा ते आठ शब्दांचे आणि त्यात क्रियापद असलेले बरे. आम्ही ते बदलू, पण तुम्हाला नक्की काय सांगायचे आहे ते आम्हाला त्यावरून कळते.

पाहुण्यांची अडचण आम्हाला ठाऊक आहे. नाव आले नाही तर माणूस रुसतो, आणि गावात रोज तोंड दाखवायचे असते. त्यावर उपाय फोटोओळीचा. फोटोत पाच जण असतील तर डावीकडून पाच नावे द्या, ती सहसा कापली जात नाहीत. उरलेल्यांसाठी आभाराची छोटी जाहिरात द्यावी. आणि मोठ्या पुढाऱ्यांची काळजी करूच नका, त्यांच्या कार्यालयाचे वेगळे पत्रक तुमच्या आधी आलेले असते.

उद्योजकाच्या तोंडचे वाक्य एकच द्या, फार तर दोन. ‘आम्हाला अत्यंत आनंद होत आहे’ हे सर्वांत आधी उडते. वर काट्याबद्दलचे वाक्य टिकेल, कारण निर्णय का घेतला ते त्यात आहे आणि आकड्यांतून ते कळले नसते.

सर्वांत जास्त घोळ आकड्यांत होतो, म्हणून इथे थोडे थांबतो. काजूच्या पत्रकांत बी आणि गर यांची सरमिसळ हमखास असते. साधारण चार किलो बीमागे एक किलो गर निघतो. ‘रोज २ टन काजूचे उत्पादन’ असे लिहिले तर ती बी की गर? चौपट फरक आहे. टन दिवसाला, महिन्याला की हंगामाला, हेही राहून जाते. डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० या प्रती तुम्हाला पाठ असतात, वाचकाला नसतात. एका पौंडात साधारण किती काजू बसतात तो तो आकडा, म्हणून आकडा लहान तितका काजू मोठा, एवढे अर्ध्या ओळीत लिहिले की पुरे. आंब्यात गोंधळ पेटीचा. पेटी चार डझनांची असते, पाचाची असते, आठाचीही असते. ‘पेटीला पाच हजारांचा दर’ याला फळांची संख्या दिल्याशिवाय काही अर्थ नाही. डझन लिहा आणि जमल्यास फळाचे सरासरी वजन लिहा.

‘१० कोटींचा प्रकल्प’ म्हणजे खर्च झालेले दहा, बँकेने मंजूर केलेले दहा, की अहवालात दाखवलेले दहा? ‘५०० जणांना रोजगार’ म्हणजे हजेरीपटावरचे पाचशे, की हंगामात काजू सोलायला येणाऱ्या बायका, की टेम्पोवाले आणि चहाची टपरी धरून? फोड केली तर आकडा लहान दिसेल, पण छापून येईल. फोड केली नाही तर जाणता उपसंपादक सगळा आकडाच काढून टाकतो आणि तुमच्या हाती ‘अनेकांना रोजगार’ एवढेच उरते.

हंगामातल्या पहिल्या पेटीचे पत्रक तर दर वर्षी येते, आणि एकाच आठवड्यात चार ठिकाणांहून येते. पहिली पेटी एकच असू शकते हे आम्हालाही कळते. त्यापेक्षा ‘आमच्या बागेतली यंदाची पहिली’ असे लिहा. गाव, मोहर कधी आला, किती डझन, कोणत्या तारखेला निघाली, वाशीला गेली की पुण्याला, आणि विकली गेली असल्यास कितीला. मुहूर्ताचा दर हा हंगामाचा दर नसतो, हे वाक्य तुम्हीच घाला. नाहीतर दुसऱ्या दिवशी शहरातले गिऱ्हाईक म्हणते आंबा महाग झाला आणि चार जण मागणी पुढे ढकलतात. थंडी उशिरा पडून मोहर लांबला असेल, तुडतुड्याने गेला असेल, तर तेही त्याच पत्रकात असू द्या. पेटीच्या फोटोपेक्षा ही माहिती आम्ही आनंदाने मोठी लावतो, कारण शेजारच्या बागायतदारालाही ती हवी असते.

‘पहिला’, ‘एकमेव’, ‘आशियातील सर्वांत मोठा’ हे शब्द दिसले की आमचा हात आखडतो. ‘कोकणातून प्रथमच अमेरिकेला आंबा’ हे अधूनमधून येतेच. भारतीय आंब्याला अमेरिकेची बाजारपेठ २००७ मध्ये खुली झाली, आणि तिथे जाणाऱ्या फळावर विकिरण प्रक्रिया करावी लागते, किमान ४०० ग्रे (विकिरणाच्या मात्रेचे एकक) मात्रेची. तेव्हा तुमच्या पत्रकात माल कोणत्या विकिरण केंद्रातून गेला, किती डझन गेला, तुमच्या नावाने गेला की वाशीच्या निर्यातदारामार्फत, हे नसेल तर वार्ताहर ते विचारणारच. ‘आमच्या तालुक्यातून स्वतःच्या नावाने निर्यात करणारे पहिले’ हा दावा लहान आहे, पण खरा असेल तर तोच बळकट आहे.

काही शब्दांमागे कायदा उभा आहे. हापूसला भौगोलिक मानांकन (जीआय) २०१८ मध्ये मिळाले आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे आहेत. पण जिल्ह्यात बाग असली म्हणजे आपोआप ‘जीआय मानांकित’ लिहिता येते असे नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते, तिचा क्रमांक पत्रकात द्या. ‘सेंद्रिय’ म्हणायचे तर एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) किंवा पीजीएसचे (शेतकरी गटांनी एकमेकांची तपासणी करण्याची पद्धत) प्रमाणपत्र हवे. ‘कार्बाइडमुक्त’ हे तर मिरवण्यासारखे नाहीच, कार्बाइडने फळ पिकवायला मुळात बंदी आहे. त्यापेक्षा पेंढ्याच्या अढीत पिकवला की रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन देऊन, ते सांगा. दोन्ही रीतसर आहेत आणि वाचकाला जाणून घ्यायचे असते.

कोकम सरबत, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आवळा, नाचणी यांच्या पत्रकांत मधुमेह, रक्तदाब, वजन यांच्यावर ‘रामबाण’ हमखास येतो. ते आम्ही कापतोच. खाद्यपदार्थाने आजार बरा होतो असे म्हणायला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या जाहिरात व दाव्यांविषयीच्या २०१८ च्या नियमांत मनाई आहे. औषध म्हणून दावा केला तर १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींवरचा कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. लेबलवर जे छापायची तुमची तयारी नाही ते पत्रकात लिहू नका. सरबताच्या बाटलीत रस किती टक्के आणि साखर किती, हे लिहिणारे पत्रक क्वचित येते. आले तर उठून दिसते.

निवास-न्याहारीवाल्यांसाठी थोडक्यात : खोल्या किती, दोघांचा दर काय आणि त्यात जेवण धरले आहे का, जवळचे स्थानक कुठले आणि तिथून गाडी मिळते का, पर्यटन विभागाकडे नोंद आहे का. ‘निसर्गाच्या कुशीत’ नको, सगळे कोकणच त्या कुशीत आहे. जुलैत ‘समुद्रातून थेट ताटात’ असे पाठवण्याआधी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते हे आठवा. मासळी खाडीची असेल, बिगरयांत्रिक होडीची असेल, तर तसे लिहा. नाहीतर फ्रीझरची, एवढाच अर्थ निघतो.

आता मजकूर पाठवायचा कसा. हे यंत्राचे काम असल्याने कंटाळवाणे वाटेल, पण चांगल्या चांगल्या बातम्या इथे अडकतात.

लेटरहेडवर छापून, सही-शिक्का मारून, त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो आम्हाला नव्याने टाइप करावा लागतो. तीनशे शब्द टाइप करायला माणूस नसेल तर बातमी उद्यावर जाते आणि उद्या ती शिळी असते. पीडीएफचे तसेच. छपाईवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये करून आणलेला मजकूर आमच्या संगणकावर उघडला की अक्षरांची खिचडी होते. कन्व्हर्टरमधून काढला तर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा सोडतात, जोडाक्षरे फुटतात. सर्वांत आधी आडनावे आणि गावांची नावे बिघडतात, नेमकी तुम्हाला ज्यांची काळजी तीच. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये, ईमेलच्या किंवा मेसेजच्या अंगातच टाका. मोबाइलवर बोलून टाइप केला असेल तर एकदा मोठ्याने वाचा, यंत्र ‘आगळ’चे ‘आगळे’ सहज करते. अक्षर ठळक दिसावे म्हणून दोन्ही बाजूंनी टाकलेल्या चांदण्या आणि अधूनमधून पेरलेले हात जोडलेले चेहरे आम्हाला एकेक करून पुसावे लागतात.

फोटो दोन पाठवा, एक आडवा आणि एक उभा, आणि व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ‘फोटो’ म्हणून पाठवला की तो आकसतो, आणि चार ग्रुप फिरून आलेला तर चेहरा ओळखू येत नाही. तीन कॉलमी फोटो छापील पानावर बारा-तेरा सेंटिमीटर रुंद होतो. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) धरले तर रुंदीत दीड हजार पिक्सेल हवेत. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, त्यामुळे पडद्यावर जरा काळपट दिसणारा फोटो छापल्यावर पूर्ण काळा होतो. मांडवाखालचे, पाठीमागून उजेड असलेले फोटो टाळा. फीत कापतानाचा नको. काजू फोडायच्या कटरवर काम करणारी बाई, सुकत घातलेली अमसुले, बर्फात भरलेली सुरमई, असे काही द्या. कोपऱ्यात कंपनीचा लोगो, तारखेचा ठसा, चार फोटो जोडून केलेले एक चित्र, यांपैकी काहीही वापरता येत नाही. फोटोतल्या कामगाराला विचारून त्याचे नाव लिहा.

संपर्कासाठी असा नंबर द्या जो संध्याकाळी चार ते नऊ उचलला जाईल. दोन टन बी की दोन टन गर, हे विचारायला डेस्कवरून फोन लागतो तो आठच्या सुमारास. फोन बंद असला की ते वाक्य जाते, आणि तेच वाक्य बातमीचा कणा असेल तर बातमी जाते.

वेळेचे गणित असे. आतली स्थानिक पाने लवकर सुटतात, पहिले पान उशिरा. काही आवृत्त्या घाटावर छापल्या जातात आणि गाड्या रात्री फोंडा, गगनबावडा किंवा आंबोली घाटाने खाली येतात. पावसाळ्यात दरडीचा भरवसा नसल्याने सगळेच आणखी आधी आटोपावे लागते. दुपारी बारापर्यंत आलेल्या मजकुराला वार्ताहर हात लावू शकतो, एखादा प्रश्न विचारू शकतो. चारनंतर आलेला जसा आहे तसा लागतो किंवा लागतच नाही. आणि कार्यक्रम झाल्यावरच पत्रक पाठवायचे असा नियम कुठे आहे? खरेदी सोमवारी सुरू होणार असेल तर बातमी शनिवारी लागलेली बरी, म्हणजे सोमवारी माणसे बी घेऊन येतील.

रविवारी सकाळी पाठवलेल्या पत्रकाला सोमवारी चांगली जागा मिळते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झाला, त्यामुळे शनिवार-रविवारी सरकारी बातम्या आटतात आणि सोमवारची पाने भरायला मजकूर लागतो. उलट २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट यांच्या आसपास पाने शुभेच्छांच्या जाहिरातींनी आणि ध्वजवंदनांनी भरलेली असतात. गणपतीच्या आधीचा आठवडा चाकरमानी, जादा गाड्या आणि महामार्गाचे खड्डे यांचा, त्यात तुमच्या नव्या लोणच्याला जागा नाही. मात्र चाकरमानी गावात किती दिवस आहेत आणि परत जाताना काय नेतील, असा धागा असेल तर आहे. ६ जानेवारीला पत्रकार परिषद ठेवू नका. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली त्या दिवशी ‘दर्पण’ सुरू केले म्हणून तो पत्रकार दिन. सगळे वार्ताहर त्या दिवशी स्वतःच सत्कार घेत असतात.

पत्रकार परिषद हवीच कशाला, हेही एकदा विचारा. दाखवण्यासारखे यंत्र असेल, किंवा प्रश्नोत्तरे होण्यासारखा विषय असेल, तर जरूर घ्या. नुसते पत्रक वाचून दाखवायचे असेल तर पाच तालुक्यांतून माणसे गोळा करू नका. पत्रक आधी तालुक्याच्या वार्ताहराकडे द्या. त्याला वगळून थेट मुंबईच्या संपादकाला पाठवलेला मजकूर फिरून त्याच्याकडेच येतो, आणि आता तो नाराज असतो. जिल्हा माहिती कार्यालयाकडे खासगी उद्योगाचे पत्रक नेण्यात अर्थ नाही, त्यांचे काम शासनाच्या बातम्यांचे. मुंबईच्या व्यापारी पानांसाठी वेगळा मजकूर करा : उलाढाल, करार, गुंतवणूक, मुंबईत माल कुठे मिळेल. ‘अमुक तारखेपर्यंत प्रसिद्ध करू नये’ अशी ओळ लिहून आधीच पाठवण्याची पद्धत इथे चालत नाही. तालुक्याच्या ग्रुपवर पडलेला मजकूर पंधरा मिनिटांत पोर्टलवर असतो. आज छापून यायला नको ते आज पाठवू नका.

पाठवल्यावर एक फोन करा आणि ‘मजकूर नीट उघडला का’ एवढे विचारा. ‘कधी लावणार’ आणि ‘लावायचे काय घेणार’ हे नको. दुसऱ्या प्रश्नाबद्दल स्पष्टच बोलतो. आपल्याकडे पुष्कळ तालुका वार्ताहरांचे मानधन तुटपुंजे आहे आणि जाहिरातींच्या कमिशनवर त्यांचा संसार चालतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे बातमी आणि जाहिरात एकाच वाक्यात आली की त्याची कोंडी होते. प्रेस कौन्सिलच्या संकेतांनुसार पैसे घेतलेला मजकूर जाहिरात म्हणूनच दिसला पाहिजे. जाहिरात द्यायची तर जाहिरात विभागाला द्या, दर विचारा, पावती घ्या. बातमी वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाने, आंब्याच्या पेटीशिवाय पाठवावी.

चुकीचे छापून आले तर त्याच दिवशी लेखी कळवा : कोणत्या दिवशीच्या अंकात कोणते वाक्य चुकले, बरोबर काय. पोर्टलवाल्यांना तर नक्कीच, कारण तिथली चूक एकमेकांकडून उचलली जाऊन वर्षानुवर्षे राहते.

एक पत्रक मात्र तुम्ही पाठवतच नाही, आणि त्याचीच सर्वांत जास्त गरज असते. पर्यटकांची बोट कलंडली, बर्फ कारखान्यात अमोनिया सुटला, रिसॉर्टवर जेवणातून बाधा झाली, की मालकाचा फोन बंद. मग किनाऱ्यावर मोबाइल घेऊन उभा असलेला माणूस बातमी ठरवतो. प्रसिद्धिपत्रकाचा जन्मच मुळी अपघातातून झाला असे मानतात. ऑक्टोबर १९०६ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात गेली तेव्हा आयव्ही ली या माणसाने रेल्वेतर्फे स्वतःहून माहिती लिहून दिली आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती जशीच्या तशी छापली.

पहिल्या तासात पाच ओळी पुरतात. काय घडले, किती वाजता, कुठे, त्या वेळी किती माणसे होती, तुम्ही लगेच काय केले. वर वेळ लिहा : ‘दुपारी १२.४० पर्यंतची माहिती’. पुढची माहिती किती वाजता देणार ते लिहा, आणि नवीन काही नसले तरी त्या वेळी तसे कळवा. जखमींचा आकडा रुग्णालयाने किंवा पोलिसांनी दिलेलाच. मृत व्यक्तीचे नाव घरच्यांना कळण्याआधी कधीही नाही. कारण सांगू नका, तुम्हाला ते एका तासात कळलेले नसते. ‘किरकोळ घटना’, ‘अफवांवर विश्वास ठेवू नये’, ‘बदनामीचे षड्‌यंत्र’ हे तीन शब्दप्रयोग वगळा. पहिल्या दिवशी किरकोळ म्हटलेले तिसऱ्या दिवशी किरकोळ राहिले नाही, तर तोच तुमचा शब्द हेडिंगमध्ये येतो. बोलणारा एकच असावा, आणि बोटीचा परवाना, जॅकेटांची संख्या, तांडेलाचे (बोट चालवणाऱ्याचे) प्रमाणपत्र हे कागद त्याच्या हाताशी हवेत, कारण दुसरा प्रश्न तोच असतो.

संघटनांना शेवटी वेगळी विनंती. दर वर्षी जानेवारीच्या अखेरीस तालुक्याचे एक पान तयार करा : आंब्याखालचे आणि काजूखालचे क्षेत्र, गेल्या हंगामातले उत्पादन, दर महिन्याचा सरासरी दर, चालू प्रक्रिया युनिटांची संख्या, आणि प्रत्येक आकडा कुठून घेतला ते समोर. ते आम्हाला आधी मिळाले तर अवकाळी पाऊस पडला की रात्री नऊ वाजता आम्ही तुमच्याच आकड्यांवर बातमी उभी करू शकतो. नाहीतर ‘बागायतदारांचे मोठे नुकसान’ यापलीकडे कुणाला काही लिहिता येत नाही. त्या पानावर बोलण्याचा अधिकार असलेल्या दोघांची नावे आणि नंबर द्या. त्यांतला एक नंबर लँडलाइनचा किंवा दुसऱ्या कंपनीच्या सिमचा असावा, कारण एप्रिल-मेमध्ये तुम्ही बागेत असता आणि बागेत रेंज नसते.

आपले,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग आवृत्त्यांसाठी काम करणारे काही वार्ताहर व उपसंपादक